लवकरच येत आहे!

मराठी सिनेमाचे पोस्टर आम्हां लंडनकरांना हल्ली भिंतीवर भेटत नाही, फोनवर भेटते. व्हॉट्सॲपवर कुणीतरी ते धाडतो, खाली 'एकच खेळ, रविवारी' अशी पुस्ती जोडतो, आणि साऱ्या कुटुंबाची तिकिटे काढायची की नाही हे त्या टपालाच्या तिकिटाएवढ्या चित्रावरून ठरवावे लागते. कुणाचे मत विचारीपर्यंत तो एकुलता एक खेळ होऊनही गेलेला असतो! तेव्हा पोस्टर वाचता येणे ही आमच्या दृष्टीने चैन नव्हे, प्रपंचातली गरज आहे.

पोस्टरवर आणि जाहिरातीवर भाबडा विश्वास ठेवू नये, हे तर आपल्या सिनेमाच्या जन्मापासूनचे. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'ची जाहिरात केली ती अशी, की ५७ हजार फोटो, दोन मैल लांबीचे चित्र, आणि दर अवघा तीन आणे! आम्ही हिशेब करून पाहिला. फिल्मच्या एका फुटात १६ फोटो बसतात. म्हणजे ५७ हजारांची फीत झाली साडेतीन हजार फुटांच्या जरा वर, पाऊण मैलाच्याही आत. उरलेला सव्वा मैल दादासाहेबांनी पदरचा घातला. आणि तोही सत्यवचनी राजाच्या सिनेमासाठी!

पण पुढच्या काळातल्या थापांना निदान रंगाचा वास होता. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचे 'कल्याण खजिना'चे १९२४चे पोस्टर आज शिल्लक असलेल्या भारतीय चित्रपोस्टरांत सर्वांत जुने मानले जाते. मकबूल फिदा हुसेन १९३०च्या दशकात मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरीत. १९७५च्या 'दीवार'चे पोस्टर दिवाकर करकऱ्यांचे. या मंडळींची भाषा कशी सोपी! चेहरा लाल तर संताप, निळा तर दुःख, हिरवा असला तर खलनायक समजून चालावे. कोपऱ्यात आई रडते आहे, खाली मोटार पेटली आहे, मध्ये पिस्तूल. तीन तासांचा ऐवज एका कागदावर. नायिकेचे नाक चुकले तरी कथा चुकत नसे. पुढे संगणकावर छापलेले फ्लेक्स आले आणि शिडीवरचे रंगारी घरी बसले. २००२ साली इथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने हिंदी सिनेमाच्या कलेचे प्रदर्शन भरवले, त्यात ही पोस्टरे मांडली. मुंबईत ज्या कागदावर पुढच्या शुक्रवारी दुसरा कागद चिकटवीत, तो इथे मान वर करून पाहायचा!

आता आजचा माल पाहा. नायक पाठमोरा. कुठे चालला आहे, का चालला आहे, सांगायचे नाही, ते 'गूढ'. ऐतिहासिक सिनेमा असेल तर भगवे आभाळ, मागे गड आणि हवेत ठिणग्या. विनोदी असेल तर झाडून सगळ्यांनी आ वासलेला, जणू दंतवैद्याच्या दारातच फोटो काढला. शिवाय एका पोस्टरवर भागत नाही. आधी फर्स्ट लुक, मग मोशन पोस्टर, मग तारीख बदलल्याचे पोस्टर. २०१४ साली 'पीके'च्या पहिल्या पोस्टरात आमिर खान रेल्वेरुळांवर उभा होता आणि अब्रू सांभाळायला एक रेडिओ. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, न्यायालयाने बंदी नाकारली. रेडिओला इतकी जबाबदारीची नोकरी पुन्हा मिळाली नाही.

इंग्लंडात चित्रण झालेल्या मराठी सिनेमांची तऱ्हा आणखी वेगळी. २०२१च्या 'झिम्मा'तल्या सात जणी इकडे सहलीला आल्या, तेव्हा आम्हालाही कौतुक वाटले. पण टॉवर ब्रिजपुढे नायिका हात पसरून उभी दिसली, की इथे राहणाऱ्याला प्रेमकथा सुचत नाही. ही बिनकोटाची कशी उभी राहिली, हाच प्रश्न पडतो.

'श्वास'च्या (२००४) पोस्टरवर एक आजोबा होते आणि एक नातू. बस्स. सिनेमातही तेच होते. असे पोस्टर आले तर आम्ही डोळे मिटून तिकीट काढू. खरे तर पाठमोऱ्या नायकाचेही काढतोच. कारण रविवारच्या खेळाला खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर पुढच्या मराठी सिनेमाला पडदा द्यायला थिएटरवाला कशाला राजी होईल?

पोस्टर करणाऱ्यांना मात्र एक विनंती. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत जी नावांची रांग लावता, त्यातली दोन कमी करा आणि सिनेमाचे नाव रोमनबरोबर देवनागरीतही ठसठशीत छापा. २०२२च्या 'वेड'चे नाव रोमन लिपीत वाचले की 'वेद' होते. इथे जन्मलेली पोरे तो धार्मिक सिनेमा समजून आजीला पुढे करतील, आणि आजी घरी आल्यावर आम्हाला विचारील!