कुशचे फॅरो

इजिप्तवर राज्य करणारा पंचविसावा राजवंश मूळचा इजिप्तचा नव्हता. त्याचे घर दक्षिणेला, आजच्या सुदानमधील कुश राज्यात, नाईलच्या चौथ्या प्रपाताजवळच्या नपाता येथे होते. पूर्वी इजिप्तने हा प्रदेश जिंकून जेबेल बर्कल या डोंगराच्या पायथ्याशी अमून देवाचे मंदिर बांधले होते. पुढे इजिप्तची सत्ता ओसरली, अमूनची उपासना मात्र कुशमध्ये रुजली.

इ.स.पू. आठव्या शतकात इजिप्त लहानमोठ्या राजांमध्ये वाटले गेले होते. तेव्हा कुशचा राजा पिये याने उत्तरेकडे स्वारी करून मेम्फिस जिंकले. या विजयाचा शिलालेख १८६२ मध्ये जेबेल बर्कल येथे सापडला. शरण आलेल्या राजाच्या तबेल्यातील उपाशी घोडे पाहून पिये संतापला, असे त्यात नोंदले आहे. एल-कुर्रू येथील उत्खननात राजांच्या पिरॅमिडांजवळ उभ्या स्थितीत पुरलेले २४ घोडे मिळाले. कुशच्या राजांना घोड्यांचे किती मोल होते, याचा हा दुसरा पुरावा.

या राजांनी जुन्या इजिप्तच्या परंपरांना नवे बळ दिले. इजिप्तच्या राजांनी कधीच सोडून दिलेली पिरॅमिडांची प्रथा त्यांनी पुन्हा सुरू केली. शबाकाने सृष्टीच्या उत्पत्तीविषयीचा, किडींनी खाल्लेला एक ग्रंथ दगडावर कोरून घेतल्याचे त्या दगडावरच लिहिले आहे. तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तहार्काने (इ.स.पू. ६९०–६६४) कर्नाकच्या मंदिरात भव्य स्तंभमंडप उभारला. त्यातील एक स्तंभ अजून उभा आहे.

पश्चिम आशियातील सत्तास्पर्धेत पडल्यामुळे या राजवंशाची गाठ असिरियाशी पडली. इ.स.पू. ६७१ मध्ये एसरहॅडनने मेम्फिस घेतले आणि ६६३ च्या सुमारास अशुरबनिपालच्या सैन्याने थीब्ज लुटले. शेवटचा फॅरो तनुतामनी दक्षिणेला परतला. पुढे इ.स.पू. ५९३ मध्ये इजिप्तच्या दुसऱ्या सामतिकने कुशवर स्वारी केली. २००३ मध्ये सुदानमधील दुक्की गेल येथे एका खड्ड्यात तहार्का, तनुतामनी आणि त्यांच्या वारसांचे सात भग्न पुतळे सापडले. ती मोडतोड याच स्वारीत झाली असावी, असे अभ्यासक मानतात.

उत्खनन करणाऱ्या जॉर्ज राइस्नर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या राजांचे मूळ लिबियात शोधले. काळ्या आफ्रिकी लोकांना असे राज्य उभारता येईल, हे त्यांना पटत नव्हते. पुढील संशोधनाने हा पूर्वग्रह खोडून काढला. एल-कुर्रूच्या थडग्यांतून पियेच्या पूर्वजांचा स्थानिक क्रम स्पष्ट दिसतो. इजिप्त हातचे गेल्यावरही कुशचे राज्य, पुढे मेरोए राजधानीतून, इसवी सनाच्या चौथ्या शतकापर्यंत टिकले.