ज्वारीची बीअर का झाली नाही?

वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडीत बसून बीअरविषयी लिहिणे जरा चमत्कारिकच. १९३२च्या अखेरीस विनोबा इथे राहायला आले, १९३४ साली ग्रामसेवा मंडळ सुरू झाले आणि आज सगळ्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. माझ्यासारख्या शौकिनाला ग्लास समोर हवा तर नागपूर गाठावे लागते. गावात उरतो तो नुसता विचार, आणि तो बहुधा एकाच प्रश्नापाशी अडतो: पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीच्या भाकरीवर जगलेल्या या मुलखात ज्वारीची बीअर का झाली नाही?

बीअर म्हणजे धान्य आंबवून केलेले, भट्टी न लावलेले मद्य. यात एक अडचण असते. धान्यात साखर नगण्य, सगळा भर पिष्टावर. आणि मद्य करणाऱ्या यीस्टला पिष्ट पचत नाही. म्हणून आधी मोड आणायचे. कोंब फुटताना दाण्यात विकरे तयार होतात. असे धान्य वाळवून, भरडून साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवले, की ती विकरे पिष्टाची साखर करतात. मग ते पाणी गाळून, हॉप्स घालून उकळायचे, निववायचे आणि यीस्टच्या हवाली करायचे.

यातले आपल्या चुलीला परके काय आहे? नाचणीला मोड आणून केलेले सत्त्व आपण तान्ह्या बाळाला भरवतो. ज्वारीचे पीठ रात्रभर आंबवून आंबील शिजवतो. मात्र सत्त्व आंबवत नाही आणि आंबिलीच्या ज्वारीला मोड आणत नाही. त्यामुळे आंबिलीत साखर फारशी सुटत नाही; जी असते तिचे जिवाणू लॅक्टिक आम्ल करतात. आंबील आंबते, चढत नाही. दक्षिण आफ्रिकेत मात्र या दोन वाटा एकत्र आल्या. तिथली उमकोंबोथी आधी आंबिलीसारखी आंबट होते, मग शिजते, मग मोडाच्या ज्वारीच्या जोरावर बीअर होते.

ज्वारीच्या कोंबात विषारी द्रव्य असते हे खरे. कोवळी ज्वारी खाऊन गुरे दगावतात, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पण आफ्रिकेतली ज्वारीही तीच. तेव्हा एवढ्यावरून उत्तर मिळत नाही.

विद्या नव्हती म्हणावे, तर तेही नाही. सौत्रामणी यागातल्या सुरेसाठी मोडाचा तांदूळ आणि मोडाचे जव लागत. त्यांना शष्प आणि तोक्म अशी स्वतंत्र नावे होती. कौटिल्याच्या सुराध्यक्ष प्रकरणात तांदूळ, पाणी आणि किण्व यांच्या मापांसह मेदक सांगितला आहे. पाठ्यपुस्तकातला ‘किण्वन’ हा शब्द त्याच किण्वाचा वंशज.

माझ्या मते उत्तर झाडांवर आहे. ताडाच्या आणि शिंदीच्या नीरेत दहाएक टक्के साखर आयतीच असते. सूर्य वर आला की ती आपोआप ताडी होऊ लागते. सुकलेल्या मोहफुलात तर वजनाने निम्म्याच्या आसपास साखर. जिथे साखर झाडावरून ठिबकते आणि पहाटे जमिनीवर पडलेली सापडते, तिथे पोटाची ज्वारी मोड आणण्यात कोण घालवील? बीअर तिथे झाली, जिथे धान्य हाच साखरेचा हाताशी असलेला साठा होता. आमच्याच मगनवाडीत १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघानेही हीच आयती साखर हेरली. नीरा आंबण्याआधी आटवून तिचा गूळ करायचा, हा त्यांचा मार्ग.

बंदीच्या प्रदेशात तर बीअर आणखी मागे पडते. ती पातळ, जागा व्यापणारी, लवकर बिघडणारी. चोरून न्यायची तर तेवढ्याच जागेत भट्टीची दारू कितीतरी जास्त नशा नेते. म्हणजे बंदीत आधी हद्दपार होते ते सौम्य पेय, आणि लपूनछपून टिकते ते जहाल. दारूबंदीच्या चर्चेत बायकांचे मार खाणे येते, तसे ते आलेच पाहिजे. पण बाटलीत नेमके काय आहे, हा प्रश्न क्वचितच निघतो.

दरम्यान नालवाडीच्या आसपासच्या शिवारात सोयाबीन आणि कपाशी आहे. भाकरीसाठीच ज्वारी विकत आणावी लागते.