ड्युटी बदलते तेव्हा

कुंभिवलीतून किंवा खालापूर तालुक्यातल्या कुठल्याही वस्तीतून बाळंतपणाला निघालेली बाई एकाच हाताखाली राहत नाही. आधी आशाताई, मग उपकेंद्रातल्या सिस्टर, मग कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय आणि प्रकृती अवघड झाली तर पनवेल, अलिबाग किंवा मुंबई. दवाखान्यात पोचल्यावरही दिवसातून तीनदा सिस्टर बदलतात. प्रत्येक बदलात तिची माहिती एकीकडून दुसरीकडे जाते आणि काही वाटेत गळते. आपल्या ज्या मुली एएनएम, जीएनएम करत आहेत, त्यांनी हे इंजेक्शन देण्याइतकेच नीट शिकावे, असे आम्हाला वाटते.

रात्रपाळीची सिस्टर डॉक्टरांना फोन करते, ‘सर, पेशंटला बरं वाटत नाही.’ डॉक्टर विचारतात, काय होतंय? मग केसपेपर शोधण्यात वेळ जातो. तीच सिस्टर असेही सांगू शकते : ‘सर, पहिलटकरीण आहे, आठवा महिना. आत्ता बीपी १६०/११०, सकाळी १३०/८० होतं. डोकं फार दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय. मला झटक्यांची भीती वाटते. तुम्ही लगेच या, तोवर काय देऊ?’

आत्ता काय, आधी काय, मला काय वाटते, तुमच्याकडून काय हवे, असे याचे चार भाग. अमेरिकन नौदलातून ही पद्धत दवाखान्यांत आली. त्यातला तिसरा भाग बोलायला नवी सिस्टर कचरते, मोठ्या डॉक्टरांपुढे आपण काय सांगणार म्हणून. पण रात्रभर खाटेजवळ तीच असते. तिने बोलणे हा उद्धटपणा नव्हे, ते तिचे काम आहे. फोनवर औषध सांगितले तर ते लिहून घ्यावे आणि नाव, मात्रा परत वाचून दाखवावी.

आवाजाचेही तसेच. कळा देणाऱ्या बाईवर कोणी खेकसले की ती पुढचे दुखणे गिळते आणि रक्त जास्त जातेय हेही सांगत नाही. बाळंतिणीला सन्मानाने वागवावे, हे केंद्र सरकारच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातच आहे. आडनाव ऐकून कोणाचा सूर बदलत असेल, तर तो या कामाला शोभत नाही.

विनयपिटकाच्या महावग्गात चांगल्या शुश्रूषकाचे गुण सांगितले आहेत : मलमूत्राची किळस न करणे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करणे. तिथेच रोग्याचेही गुण आहेत. दुखणे वाढतेय, उतरतेय की तसेच आहे, हे त्याने खरे सांगावे. आजही सिस्टरला नेमके हेच हवे असते.

म्हणून घरच्यांनी माता-बाल संरक्षण कार्ड आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. शेवटची गोळी किती वाजता घेतली, कशाची ॲलर्जी आहे, हे न विचारता सांगावे. सगळ्यांनी सिस्टरभोवती गर्दी न करता एकानेच बोलावे. रुग्णालयात मारहाण-तोडफोड केल्यास महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार असेल तर वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना किंवा वैद्यकीय अधीक्षकांना लेखी द्यावी. तारीख, वेळ, वॉर्ड लिहून, आणि पोच घ्यावी.