सुईच्या उजवीकडची जागा

शिलाई मशीन आपल्या घरात आलं ते कपडे शिवायला. गोधडी जमिनीवरच राहिली. सव्वाशे वर्षांची हकिकत तशी एवढीच आहे. नागपुरातल्या सदरमधल्या एखाद्या फ्लॅटमधली बाई आज ‘क्विल्टिंग करायचं, पण बसून चालवता येईल असं मशीन हवं’ म्हणून विचारपूस करू लागते, तेव्हा होणाऱ्या गोंधळाचं मूळही तिथंच आहे. आपल्याकडे मशीन पारखलं जातं ते ब्लाउज, फ्रॉक आणि पायजम्याच्या हिशेबानं. टाका सरळ पडतो का, झिगझॅग येतं का, काज-बटन होतं का, एकूण टाके किती प्रकारचे? दुकानदारही तेच दाखवतो. रजईचा गुंडाळा सुईच्या पलीकडे मावेल का, हे ना गिऱ्हाईक विचारतं, ना तो सांगतो.

सदर हा मुळात छावणीच्या आधारानं वाढलेला बाजार. १८५४ मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत होऊन नागपूर त्याची राजधानी झालं आणि १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे आली. रेसिडेन्सी रोड, ऑल सेंट्स चर्च, कॉन्व्हेंट शाळा, शेजारी सिव्हिल लाइन्स, पलीकडे बैरामजी टाऊन. अशा वस्तीत शिवणकामाला तोटा नव्हता. साहेबांचे कोट होते, शाळांचे गणवेश होते, ख्रिस्ती आणि पारशी घरांतले झालरीचे फ्रॉक होते. म्हणजे इथं मशीन हे पहिल्यापासून मिळवतं यंत्र. हौसेचा भाग त्यात नंतर आला, आणि तोही दबकतच.

मशीनची जागतिक कथा थोडक्यात सांगून टाकतो. एलायस हाऊचं पेटंट १८४६ चं, आयझॅक मेरिट सिंगरचं १८५१ चं. सिंगरच्या कंपनीची खरी करामत यंत्रापेक्षा विक्रीत होती. १८५६ पासून तिनं मशीन हप्त्यांनी विकायला सुरुवात केली. भारतात १८७० च्या दशकापासून कंपनीनं पाय रोवले ते मुंबईच्या एन. एम. पटेल या पारशी व्यवस्थापकाच्या हाताखाली. हप्त्याची ही पद्धत आपल्या शिंप्यांना मानवली. मशीन कमवून आपला हप्ता आपणच फेडणार, हा हिशेब कुणालाही पटण्यासारखा होता.

गांधीजींनी यंत्रांवर एवढी टीका केली, पण सिंगरच्या मशीनला त्यातून वगळलं. १९२४ मध्ये जी. रामचंद्रन यांच्याशी झालेल्या बोलण्यात त्यांनी हे मशीन मोजक्या उपयोगी शोधांपैकी एक असल्याचं म्हटलं होतं. बायको हातानं शिवून थकते म्हणून सिंगरनं ते तिच्यासाठी केलं, अशी त्यांची समजूत होती. गोष्ट गोड आहे, पण सिंगरसाहेबांचे संसार एकाहून अधिक होते आणि मुलं दोन डझनांच्या घरात. बायकोच्या दमणुकीची चिंता त्या गृहस्थाला कितपत असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

त्यानंतरचा काळ उषाचा. १९३० च्या दशकात कोलकात्यात बिशनदास बसील यांनी जय इंजिनिअरिंग वर्क्स सुरू केली आणि आपल्या मुलीचं नाव मशीनला दिलं. पुढे हा कारखाना दिल्लीच्या लाला श्रीराम यांच्याकडे गेला. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली, देशी मशीनला मोकळं मैदान मिळालं, आणि लुधियानात सुट्या भागांपासून अख्ख्या मशीनपर्यंत सगळं बनू लागलं. काळं मशीन, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, खाली लोखंडी पाय आणि चामड्याचा पट्टा. लेकीच्या लग्नात द्यायच्या वस्तूंत ते जाऊन बसलं. ‘काही झालं तर दोन पैसे मिळवशील’ हे वाक्य त्याच्यासोबत जायचंच, तोंडानं म्हटलेलं असो वा नसो.

या काळ्या मशीनचा सांगाडा सिंगरच्या पंधरा नंबरच्या घडणीवरून घेतलेला. सुई आणि उजवीकडचा खांब यांत जागा जेमतेम सहा-साडेसहा इंच. बाही, कॉलर, कंबरपट्टा यांना तेवढी पुरते. पुढं पायाच्या जागी मोटर आली, लोखंडाच्या जागी प्लॅस्टिक आलं, जपानच्या जानोमेशी उषाची जोडी जमली आणि टाके एकाचे वीस झाले. ही सहा-सात इंचांची जागा तेवढी तशीच राहिली. घरगुती मशीनमध्ये काय काय बदललं याची यादी करायला बसलं, की न बदललेली ही एक गोष्ट डोळ्यांत भरते.

आता जमिनीवरच्या बाजूला येऊ. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. त्याच्या चार घड्या घातल्या तर दोन मीटर लांबीचा चारपदरी थर तयार होतो, एका माणसाच्या अंथरुणाएवढा. आत जुनी धोतरं, चादरी, परकराचे तुकडे. वर त्यातल्या त्यात धड लुगडं. आणि मग कडेनं सुरुवात करून आत आत सरकत जाणारा धावदोरा. उन्हाळ्यात कामं उरकली, कपडे धुऊन खडखडीत वाळले, की दुपारी बायका हे काम काढायच्या. या पद्धतीत कापड जागचं हलत नाही. बाई हलते. ती गोधडीभोवती सरकते, वेळप्रसंगी गोधडीवरच बसते. चार-सहा पदर एकमेकांवरून घसरत नाहीत, कारण खालची जमीन आणि वरचं बाईचं वजन त्यांना धरून ठेवतं.

हेच काम मशीनवर न्यायचं म्हटलं की सगळं उलटतं. पाच फूट रुंद गोधडीच्या मधोमध टाका घालायचा, तर अर्धी गोधडी, म्हणजे तीस इंच जाडजूड ऐवज, सुईच्या उजवीकडे गुंडाळून त्या साडेसहा इंचांत कोंबावा लागतो. उरलेली अर्धी डावीकडे टेबलावरून खाली लोंबते आणि आपल्या वजनानं सुई ओढते. टाके लहान-मोठे पडतात, खालचा पदर गोळा होतो, खांदे भरून येतात. बाईला वाटतं आपला हात बसला नाही. हात बसलेला असतो, जागा नसते.

हात बसलेला असतो असं म्हणायला पुरावा आहे. गल्लोगल्लीच्या शिवणक्लासांत मशीन एम्ब्रॉयडरी शिकवत आले आहेत. दात्यांवर पत्रा बसवायचा, फूट काढून ठेवायचं, कापड रिंगमध्ये ताणायचं आणि पायानं मशीन चालवत हातांनी रिंग फिरवायची. दाते कापड ओढत नाहीत. टाक्याची लांबी ठरते ती पायाचा वेग आणि हाताची चाल यांच्या मेळावर. क्विल्टिंगच्या जगात ज्याला फ्री मोशन म्हणतात, ते हेच. फक्त तिथं फूट काढत नाहीत, उसळतं फूट लावतात आणि कापड रिंगेत न ताणता दोन्ही तळहातांनी धरतात. उशांच्या अभ्र्यांवर मोर काढणाऱ्या आपल्या बायकांना ही विद्या येत होती. ती गोधडीवर आणावी असं फारसं कुणाला सुचलं नाही, कारण गोधडी ही घरातल्या जुनेराची वस्तू. तिच्यासाठी वीज, धागा आणि मशीन खर्ची घालणं उधळपट्टीच वाटलं असतं.

अमेरिकेतही मशीनवर रजई शिवण्याचा प्रश्न सहज सुटला नव्हता. हाताच्या टाक्यालाच खरी रजई मानणारे तिथं पुष्कळ होते. १९८९ मध्ये केंटकीतल्या पडूका इथल्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्टच्या मशीनवर टाके घातलेल्या रजईला सर्वोच्च बक्षीस मिळालं, तेव्हा बरीच खळबळ उडाली. लांब हाताची मशीनं तोवर होतीच, पण ती उभ्यानं चालवायची. दहा-बारा फुटांच्या चौकटीवर रजई ताणलेली आणि मशीन रुळांवरून फिरणारं. सदरमधल्या दहा बाय बाराच्या खोलीत ती चौकट आली तर माणसांनी बाहेर झोपायचं. म्हणून पुढं आलेला बसून चालवायचा प्रकार आपल्या कामाचा. यात मशीनचा हात समोर, आपल्यापासून लांब जातो, आणि सुईपलीकडे सोळा ते वीस इंच मोकळे मिळतात. हँडी क्विल्टरचं स्वीट सिक्स्टीन हे सोळा इंचांचं, बर्निनाचं क्यू ट्वेंटी वीस इंचांचं. पण घेणाऱ्यानं एक लक्षात ठेवायचं: ही मशीनं टाके घालण्यापुरतीच. सोळा इंची मशीनला दातेच नाहीत, तेव्हा त्यावर ब्लाउज शिवता येत नाही. किंमत लाखांतली, आणि बिघडलं तर माणूस कुठून येणार हा प्रश्न वेगळाच.

नागपुरात मधल्या काळात वेगळंच घडत होतं. भारनियमनाच्या वर्षांत वीज कधी जाईल याचा नेम नसायचा, तेव्हा पायमशीननं स्वतःला पुन्हा एकदा शहाणं ठरवलं. त्याच सुमारास घराच्या पुढच्या खोलीत बुटिक थाटणाऱ्यांची संख्या वाढली आणि घरात कारखान्याचं मशीन शिरलं. बाजारात त्याला सरसकट ‘जुकी’ म्हणतात, मग त्यावर नाव कुणाचंही असो. टेबलाच्या पातळीत बसवलेलं, मिनिटाला काही हजार टाके घालणारं, सुईच्या उजवीकडे दहा इंचांच्या आसपास जागा देणारं. सुरुवातीची क्लच मोटर बाईनं पाय ठेवायचा अवकाश की धावत सुटायची. सर्व्हो मोटर आली तेव्हा कुठं वेग आवाक्यात आला, आवाजही आणि विजेचं बिलही.

सरकारी योजना या सगळ्यात कपड्याशीच बांधलेल्या राहिल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतची मदत आहे. त्यात शिंपी आहे, टोपल्या-चटया-झाडू करणारे आहेत. गोधडी करणारी त्या यादीत वेगळी नाही. तिला शिरायचं तर शिंपी म्हणूनच शिरावं लागतं.

बदल घडला तो २०२० च्या टाळेबंदीत. मास्क शिवायला म्हणून माळ्यावरची मशीनं खाली उतरली, बचत गटांनी ढिगानं मास्क शिवले. मास्कची गरज संपली, मशीन मात्र परत माळ्यावर गेलं नाही. हातात फोन होता, त्यावर क्विल्टिंगचे व्हिडिओ होते, कपाटात न नेसलेल्या सुती साड्या होत्या. नागपूरची कडाक्याची थंडी आठवडा-दोन आठवड्यांची, पण २९ डिसेंबर २०१८ ला इथं पारा साडेतीन अंशांवर आला होता, हे लोक विसरलेले नव्हते. पहिल्यांदाच गोधडी ही नव्या कापडाची, हौसेची, भेट देण्याजोगी वस्तू झाली.

मग मशीन कोणतं? माझं मत सांगतो, पटलं तर घ्यावं. वर्षाला एक-दोन गोधड्या आणि बाकी किरकोळ शिवण असेल, तर घरातलंच मशीन ठेवावं आणि पैसे टेबलावर घालावेत. सुताराकडून टेबलाला खाच पाडून मशीन फळीच्या पातळीत बसवून घेतलं, डावीकडे आणि मागे गोधडीला टेकायला जागा दिली, की वजनाची ओढ जाते. निम्मं काम तिथंच होतं. त्याहून जास्त हौस असेल तर फक्त सरळ टाक्याचं, जोमदार, घरगुती आकाराचं मशीन. खुद्द जुकी कंपनीच्या टीएल मालिकेतलं किंवा जानोमेचं त्याच धर्तीचं. मिनिटाला पंधराशे-सोळाशे टाके, साडेआठ-नऊ इंच जागा, गुडघ्यानं फूट उचलायची सोय. त्यात फुलपाखरांचे टाके नाहीत, हा मला त्याचा गुणच वाटतो. कारखान्याचं ‘जुकी’ स्वस्त आणि दणकट, पण ते एकदा मांडलं की हलत नाही, आणि त्याचे दाते सहजी खाली जात नाहीत. वरचे-खालचे पदर बरोबरीनं ओढणारं वॉकिंग फूट लावून सरळ रेषांचे टाके घालणारीला ते उत्तम, वेलबुट्टी काढणारीला नाही. सोळा इंची मशीन ऑर्डरी हातात आल्यावरच घ्यावं, येतील या आशेवर नको.

ह्यूस्टनची किंवा न्यू जर्सीची लेक ‘तिकडून आणते’ म्हणते, तेव्हा आधी व्होल्टेज विचारा. तिकडचं मशीन ११०-१२० व्होल्टचं. इथल्या २३० वर लावलं की पहिल्या दिवशीच धूर. ट्रान्सफॉर्मर लावून चालेल, पण बॉबिन केसपासून सुईच्या पट्टीपर्यंत प्रत्येक सुटा भाग पुढच्या सुट्टीची वाट पाहील.

मशीनइतकाच त्रास आतल्या थराचा. कापसाच्या मुलखात राहून रजईजोगा सपाट सुती थर शोधत फिरावं लागतं, याला काय म्हणावं! गादीवाला पिंजून देतो तो कापूस मोकळा, फुगीर. लांब सुईनं, लांब लांब दोरे घालण्यासाठी तो ठीक. मशीनच्या फुटाखाली तो पुढं पुढं पळतो आणि गोळे होतात. गांधीबागेच्या बाजारात सहज मिळते ती फायबर शीट. ती शिवायला सोपी, पण हलकी आणि नागपूरच्या हवेत दहा महिने अंगाला न सोसणारी. याला जुना उपाय आहेच: आत पातळ फ्लॅनेल किंवा धुऊन मऊ झालेली सुती चादर. मशीन सोळा क्रमांकाच्या सुईनं ते पदर निमूट शिवतं.

दुकानात जाताना घरातली एक जुनी गोधडी पिशवीत घालून न्यावी. दुकानदार कापडाच्या चिंधीवर टाका दाखवेल, तो बघून घ्यावा. मग गोधडी काढून अर्धी गुंडाळावी, सुईच्या उजवीकडे सारावी आणि मधोमध एक वाटोळा टाका घालू द्या म्हणावं. बहुतेक ठिकाणी नाही म्हणतील. जिथं हो म्हणतील, तिथं दुरुस्तीला माणूस घरी येतो का आणि बॉबिन केस दुकानात शिल्लक आहे का, एवढं विचारून मगच भावाचं बोलावं.