काय व्हायचं नाही, हे आधी ठरतं

दुकानातली ट्रेमधली अंडी कोंबडीचा गर्भ पाहायच्या कामाला चालत नाहीत. लेअर फार्मवर कोंबडाच नसतो, मग अंड्यात गर्भ कुठून असणार? म्हणून हिंगोली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत खेड्यातून गावरान अंडी येतात. सोमवारी रात्री अकराला उबवणी यंत्रात ३८ अंशांवर ठेवलेली अंडी बुधवारी सकाळी आठला, ३३ तासांनी, बाहेर निघतात.

अंडं आडवं ठेवलं की गर्भ बलकाच्या वरच्या बाजूला येतो. अंडं कोमट मिठाच्या पाण्यात अलगद फोडायचं, गर्भाभोवती फिल्टर पेपरची कडी बसवायची, कडेनं कात्री फिरवायची आणि चिमट्यानं उचलायचं. घाई केली की गर्भ फाटतो. बलक धुऊन गेला की काचपट्टीवर उरतो काही मिलिमीटर लांबीचा पातळ पापुद्रा. रंग दिला की सूक्ष्मदर्शकाखाली त्यात मज्जानलिका दिसते, म्हणजे जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतो ती नळी. पुढं मेंदूचे तीन फुगवटे, बाजूला डोळ्यांचे कोंब, मागं कायखंडांच्या दहाएक जोड्या. हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये आखलेल्या ४६ टप्प्यांपैकी हा साधारण दहावा.

या रंगानं आकार उठून दिसतो. आतला व्यवहार दिसत नाही. प्रत्येक पेशीत जनुकं तीच. कोणतं चालू, कोणतं बंद, हे ठरवतात डीएनएवर जाऊन बसणारी प्रथिनं, म्हणजे ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर. नलिकेखालच्या पृष्ठरज्जूतून (नोटोकॉर्ड) सोनिक हेजहॉग हे प्रथिन पाझरतं. जवळच्या पेशींना ते जास्त मिळतं, दूरच्यांना कमी. त्या प्रमाणानुसार वेगवेगळे फॅक्टर जागे होतात: जवळ एनकेएक्स २.२, त्याच्या वर ऑलिग २, आणि ऑलिग २ च्या पट्ट्यातून स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी घडतात. पॅक्स ६ हा आणखी एक फॅक्टर वरच्या भागात टिकून राहतो. पॅक्स ६ आणि एनकेएक्स २.२ एकमेकांना दाबतात. शेजारच्या दोन शेतकऱ्यांनी बांध रेटावा तसं हे चालतं, फरक इतकाच की इथं त्या रेटारेटीतूनच सीमा रेखीव होते. हे बरंचसं उमगलं ते कोंबडीच्याच गर्भावर.

म्हणजे पेशीला ओळख मिळते ती मुख्यतः मनाईतून. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा तोळे यांच्या गटानं हेच उंदराच्या मेंदूत दाखवलं. २००८ मध्ये ते ‘सायन्स’मध्ये छापून आलं. मेंदूच्या बाह्यकाच्या घडणीत काही पेशींतून एलएचएक्स २ हा फॅक्टर काढून घेतला, की त्या पेशी बाह्यक न होता ‘हेम’ नावाचं संघटन-केंद्र होतात आणि शेजारच्या निरोगी पेशींना हिप्पोकॅम्पस व्हायला लावतात. हिप्पोकॅम्पस हा स्मृतीशी जोडलेला भाग. एकाच मेंदूत असे जादा हिप्पोकॅम्पस उभे राहिले. हेम होण्याची ताकद त्या पेशींत आधीपासून होती. एलएचएक्स २ तिला वेळेवर ‘नाही’ म्हणत होतं, म्हणून बाह्यक बाह्यक राहत होतं.