सायबरकोअर : जितकी वर्षं शिक्षण, तितकी वर्षं सेवा

जून 1997 मध्ये अमेरिकी संरक्षण खात्यानं स्वतःच्याच संगणकजाळ्यांवर हल्ला करवून घेतला. ‘एलिजिबल रिसीव्हर’ नावाच्या या सरावात नॅशनल सिक्युरिटी एजन्सीच्या तज्ज्ञांनी कुणाच्याही हाती पडतील अशी साधनं वापरली आणि तरीही ते खोलवर आत शिरले. फेब्रुवारी 1998 मध्ये तर खरीच घुसखोरी झाली. इराकशी तणाव होता, म्हणून संशय आधी तिकडे गेला. तपासाअंती सापडले ते कॅलिफोर्नियातले दोन शाळकरी मुलगे आणि त्यांना धडे देणारा इस्रायली तरुण. मे महिन्यात अध्यक्ष क्लिंटन यांनी देशाच्या महत्त्वाच्या यंत्रणा सांभाळण्याचा आदेश काढला. पण सांभाळणार कोण? ही विद्या शिकवणारी विद्यापीठं मोजकी, आणि जे शिकत त्यांना खासगी कंपन्या सरकारपेक्षा कितीतरी जास्त पगार देत.

त्यातून 2001 मध्ये ‘सायबरकोअर : स्कॉलरशिप फॉर सर्व्हिस’ ही योजना सुरू झाली. नॅशनल सायन्स फाउंडेशन विद्यापीठांना अनुदान देतं आणि विद्यापीठं विद्यार्थी निवडतात. संपूर्ण फी, शिवाय पदवीच्या विद्यार्थ्याला वर्षाला 27,000 डॉलर आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला 37,000 डॉलर विद्यावेतन, असं जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतं. सुट्टीत सरकारी कार्यालयात उमेदवारी करायची आणि पदवीनंतर जितकी वर्षं पैसे घेतले तितकी वर्षं सरकारी नोकरी. एमबीबीएसनंतरचा बाँड ठाऊक असलेल्या मराठी घरात हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. अट एकच मोठी : अर्जदार अमेरिकेचा नागरिक किंवा कायम रहिवासी हवा. इथून शिकायला जाणाऱ्यांना त्यामुळे दार बंदच. तिथं जन्मलेल्या मराठी मुलांना मात्र ते उघडं आहे.

या योजनेचं सर्वांत जिवंत रूप ओक्लाहोमातल्या टल्सा विद्यापीठात दिसतं. भारतातून जाऊन अमेरिकी नागरिक झालेले प्राध्यापक सुजित शेणॉय यांनी तिथला अभ्यासक्रम उभा केला. तिथले विद्यार्थी पासवर्ड फोडतात, व्हायरस लिहितात, कचऱ्यात टाकलेल्या कागदांतून माहिती वेचतात, मोडक्या फोनमधून पुरावा बाहेर काढतात. हे शेवटचं काम इतकं पुढं गेलं की सीक्रेट सर्व्हिसनं मोबाइल तपासणीचं आपलं केंद्रच या विद्यापीठात थाटलं. चोराची वाट ठाऊक असल्याशिवाय पहारा देता येत नाही, हे तिथं कुणाला लपवावंसं वाटत नाही. मला ते प्रामाणिक शिक्षण वाटतं.

विद्यार्थ्यांच्या नोकरीकडे आणि बाँडकडे लक्ष ठेवणारं खातं म्हणजे ऑफिस ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट, थोडक्यात ओपीएम. याच खात्यातून सुमारे 2 कोटी 15 लाख लोकांची अत्यंत खासगी माहिती चोरीला गेल्याचं 2015 मध्ये उघड झालं. त्यात 56 लाख लोकांच्या बोटांचे ठसेही होते. पासवर्ड बदलता येतो, ठसा बदलता येत नाही. योजनेची गरज याहून स्पष्टपणे कोण सांगू शकलं असतं? 2014 च्या एका कायद्यानं तिला आधीच भक्कम पाया दिला होता.

मग 20 जानेवारी 2025 रोजी नव्या प्रशासनानं केंद्रीय नोकरभरती गोठवली. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या ‘सिसा’ या संस्थेतून शेकडो माणसं बाहेर पडली. पदवी घेऊन उभ्या असलेल्या मुलांना मिळालेल्या नोकऱ्याही हातच्या गेल्या. करार मात्र तसाच आहे : पदवीनंतर 18 महिन्यांत पात्र नोकरी सुरू झाली नाही, तर शिष्यवृत्तीचं रूपांतर कर्जात होतं. नोकरी नाकारणाऱ्यासाठी लिहिलेलं हे कलम, ज्याला नोकरी दिलीच गेली नाही त्याच्या डोक्यावर येऊन बसलं. हा उघड अन्याय आहे.

यावर एक वाट योजनेतच आहे, पण अरुंद. राज्यं, शहरं आणि आदिवासी सरकारांकडे साधारण 20 टक्केच पदवीधर जाऊ शकतात. मार्च 2018 मध्ये अटलांटा आणि मे 2019 मध्ये बाल्टिमोर या शहरांचा कारभार खंडणीखोर सॉफ्टवेअरनं ठप्प केला होता. अशा नगरपालिकांना तज्ज्ञ हवेत, पण परवडत नाहीत. इकडे तयार तज्ज्ञ कर्जाच्या भीतीनं अर्जामागून अर्ज करताहेत. ही मर्यादा सैल करणं अमेरिकी काँग्रेसच्या हातात आहे, आणि सरकारनं नोकरीच दिली नसेल तर 18 महिन्यांचं घड्याळ थांबवणंही.