मातीतला मिथेन नेमका कोण खातो?

भाताच्या खाचरात तळच्या चिखलात तयार होणारा मिथेन सगळाच हवेत पोचत नाही. त्यातला मोठा वाटा वाटेतच काही जिवाणू खाऊन टाकतात. ते नेमके कोण, हे सांगणे मात्र कठीण, कारण मातीतले बहुतेक सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत वाढतच नाहीत. म्हणून त्यांच्या जनुकांचा माग काढायचा. मिथेन पचवण्याची पहिली पायरी पार पाडणाऱ्या विकराचा ‘पीएमओए’ हा जनुक त्यासाठी सोयीचा. मातीतून सगळा डीएनए काढायचा, ‘प्रायमर’ नावाच्या छोट्या तुकड्यांच्या मदतीने पीसीआरमध्ये तेवढ्याच जनुकाच्या असंख्य प्रती करायच्या आणि त्या वाचायच्या. असे प्रायमर १९९५ साली प्रसिद्ध झाले. हवेतल्या जेमतेम १.९ पीपीएम मिथेनवर जगणारे, कुणीही न वाढवलेले जिवाणू कोरड्या जमिनीत आहेत, हे त्यांच्यामुळेच कळले.

ही पद्धत मोलाची आहे, तरी तिच्या एकटीच्या साक्षीवर निकाल देणे मला धोक्याचे वाटते. प्रायमर बनतात ते आधी माहीत असलेल्या जनुकांवरून. पीट दलदलीतल्या ‘मिथायलोसेला’कडे पीएमओए नाहीच, तो दुसरेच विकर वापरतो. २००७ मध्ये इटली आणि न्यूझीलंडच्या तप्त, आम्लयुक्त जमिनीत सापडलेल्या जिवाणूंचा पीएमओए इतका वेगळा होता की जुने प्रायमर त्याला लागू पडत नव्हते. यावर कोणी म्हणेल, आता प्रायमरशिवाय मातीतला सगळाच डीएनए वाचता येतो. खरे आहे, पण निद्रिस्त आणि मेलेल्या पेशींचा डीएनएही त्यात येतो. जनुक असणे वेगळे आणि तो कामाला लागणे वेगळे. त्यासाठी जड कार्बन-१३चा मिथेन मातीला देतात. जो जिवाणू तो खातो त्याचा डीएनए जड होतो आणि अपकेंद्री यंत्रात वेगळा काढता येतो. इथेही आक्षेप रास्त आहे: दिलेली मात्रा निसर्गातल्यापेक्षा बरीच जास्त असते, त्यामुळे एरवी गप्प असलेले जिवाणूच पुढे येऊ शकतात.

म्हणूनच जिवाणू वाढवून पाहण्याचे चिकाटीचे काम जुने झालेले नाही. नुसत्या हवेतल्या मिथेनवर वाढणारा ‘मिथायलोकॅप्सा गॉर्गोना’ २०१९ मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी जगापुढे आणला, तेव्हा कुठे कोरड्या जमिनीतल्या त्या अनोळखी गटाचा जवळचा नातलग हाती लागला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही भातखाचरांतले असे जिवाणू वेगळे करून वाढवले गेले आहेत. एखाद्या खताने किंवा पाणी देण्याच्या नव्या पद्धतीने शेतातले मिथेन खाणारे वाढले, असा दावा केवळ जनुक मोजून कोणी केला, तर त्याच मातीने प्रत्यक्ष किती मिथेन शोषला याचे मोजमाप त्याच्याकडे मागितलेच पाहिजे.